फूल ताटात जाणार असेल, तर...

रोपवाटिकेच्या दारात येणाऱ्या गिऱ्हाइकाचा प्रश्न अलीकडे बदलला आहे. ‘याला फूल कधी येईल?’ याच्या पाठोपाठ आता ‘हे फूल खाता येतं का?’ असेही विचारले जाते. गोकर्णाचा निळा चहा, सॅलडवरचे नस्टर्शियम, केकवरच्या पॅन्झी हे सारे मोबाइलवर पाहून लोक आपल्याकडे येतात. या मागणीचे आम्ही मनापासून स्वागत करतो. मात्र तिला आपल्यातले बहुतेक जण देतात ते उत्तर अपुरे आहे. ‘हो, खाता येतं’ हे त्या जातीबद्दलचे उत्तर झाले. गिऱ्हाईक विचारते ते समोरच्या कुंडीतल्या रोपाबद्दल. ते कोणत्या मातीत वाढले, त्यावर काय फवारले आणि केव्हा फवारले, हे ठाऊक असल्याशिवाय ‘हो’ म्हणण्याचा अधिकार आपल्याला पोहोचत नाही. फूल ताटात जाणार असेल, तर ते भाजीच आहे आणि पेरणीपासून काढणीपर्यंत भाजीसारखेच वाढवले पाहिजे. मृगाच्या तोंडावर निघणाऱ्या या अंकात हे स्पष्ट सांगणे आम्हाला गरजेचे वाटते.

फुले रांधणे आपल्याला नवे नाही. हादग्याच्या फुलांची भाजी आणि भजी, पीठ पेरून केलेली शेवग्याची फुले, भोपळ्याच्या फुलांची भजी, वाल किंवा चणे घालून केलेले केळफूल, कोकणातली भारंगीच्या आणि कुड्याच्या फुलांची भाजी, पावसाच्या सुरुवातीला ठाणे-पालघर-रायगडच्या बाजारात येणारी शेवळे, आदिवासी पाड्यांवर वर्षभरासाठी वाळवून ठेवलेली मोहाची फुले अशी ही यादी लांबवर जाते. अंबाडीच्या लाल बोंडांची चटणी आणि सरबतही त्यातच धरायला हवे. आपण वापरतो तो तिच्या फुलाचा मांसल निदलपुंज असतो.

या परंपरेत पाककृतीबरोबर सफाईचे ज्ञानही आले आहे. केळफूल सोलताना हाताला तेल लावतात, कारण त्याचा चीक काळे डाग पाडतो. प्रत्येक फुलातली कडक दांडी आणि पातळ पापुद्रा काढून टाकतात, कारण ते शिजत नाहीत. चिरलेले फूल ताकात टाकतात, म्हणजे काळे पडत नाही. हादग्याच्या फुलातले केसर काढतात, कारण ते कडू लागतात. शेवळात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात आणि त्यांनी घसा खाजतो. म्हणून खाजरा भाग काढून टाकतात आणि भाजीत काकडाची फळे किंवा चिंच घालतात. कोणते फूल, त्याचा कोणता भाग, कसा शिजवून खायचा, हे पिढ्यान्‌पिढ्या तपासून ठरले आहे. बाहेरून आलेल्या नव्या फुलांच्या बाबतीत असे शहाणपण हाताशी नसते. तिथे ती जबाबदारी रोप विकणाऱ्यावर आणि बाग करायला शिकवणाऱ्यावर येते.

पहिला प्रश्न औषधांचा. शोभेची रोपे विक्रीच्या दिवशी निष्कलंक दिसावीत म्हणून त्यांच्यावर मावा, फुलकिडे, भुरी यांसाठी फवारणी होते, कधी औषध कुंडीच्या मातीत ओतले जाते. इमिडाक्लोप्रिडसारखी आंतरप्रवाही कीटकनाशके मुळांवाटे शोषली जाऊन पानांत, परागात आणि मधुरसात उतरतात. पाकळी कितीही धुतली तरी आत मुरलेले औषध निघत नाही. मधमाश्यांना होणाऱ्या अपायामुळे युरोपीय संघाने २०१८ मध्ये याच गटातल्या तीन कीटकनाशकांचा उघड्यावरचा वापर बंद केला. ज्या मधुरसापायी मधमाशी धोक्यात येते, तो फुलासकट आपल्या वाटीत यावा का, याचा विचार व्हायला हवा.

भाजीपाल्यासाठी शिफारस केलेल्या औषधावर फवारणीनंतर किती दिवसांनी काढणी करायची, हे लिहिलेले असते. शोभेच्या झाडासाठीच्या शिफारशीत मात्र ते फूल कुणी खाईल, हे गृहीतच धरलेले नसते. म्हणूनच लग्नाच्या जेवणावळीत बासुंदीवर पसरलेल्या बाजारच्या गुलाबपाकळ्या पाहून आम्हाला काळजी वाटते. मावळातल्या हरितगृहांत वाढणारा डच गुलाब फुलदाणीसाठी असतो, त्याची निगाही त्याच हिशेबाने राखली जाते. गुलकंदाला देशी सुगंधी गुलाब हवा आणि तोही स्वतः वाढवलेला किंवा खात्रीच्या मळ्यातला. हार-तुऱ्यांसाठी आणलेला झेंडू आणि शेवंती यांनाही हाच नियम लावावा.

त्यामुळे शोभेचे म्हणून विकत घेतलेल्या रोपावरची फुले खाऊ नयेत. हंगामी फुले बियांपासून घरीच वाढवावीत. गुलाबासारखे बहुवर्षायू झाड असेल, तर माती बदलून, छाटणी करून, एक पूर्ण हंगाम औषधाविना काढावा आणि मगच त्याचे फूल स्वयंपाकघरात न्यावे.

दुसरा प्रश्न ओळखीचा. सोनचाफा, पांढरा चाफा, हिरवा चाफा आणि नागचाफा या चार झाडांची कुळेही वेगवेगळी आहेत. नुसते ‘चाफा’ लिहिलेल्या पाटीचा स्वयंपाकघराला काहीच उपयोग नाही. कुळावरूनही निर्वाळा देता येत नाही. ज्या कुड्याच्या फुलांची भाजी होते, तो कुडा आणि सर्वांगाने विषारी असलेली कण्हेर एकाच कुळातली. गच्चीगच्चीवर फुलणारी सदाफुलीही त्याच कुळातली. कर्करोगावरची व्हिन्क्रिस्टीनसारखी औषधे तिच्यापासून मिळतात, म्हणूनच ती ताटात कदापि येता कामा नये. पिवळी कण्हेर, धोत्रा, कळलावी, घाणेरी यांची फुले नुसती सजावट म्हणूनही पदार्थावर ठेवू नयेत. ताटात ठेवलेली वस्तू खाण्यासाठीच आहे, असे मूल समजणार आणि त्याचे ते समजणे बरोबरच आहे.

खाण्यालायक फुलाचेही सगळेच भाग खाण्याजोगे नसतात. गोकर्णाच्या पाकळ्या वापरतात, पण त्याचे बी आणि मूळ रेचक आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२१ मध्ये गोकर्णाच्या फुलांचा अर्क काही पदार्थांत रंग म्हणून वापरायला मान्यता दिली. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने मात्र पुढच्याच वर्षी त्याच्या वाळलेल्या फुलांबाबत सुरक्षेचे आक्षेप नोंदवले. अशा वेळी ‘रोज भरपूर प्या’ असा सल्ला देण्याऐवजी कधीतरी, बेताने वापरा, असे सांगणे योग्य. परागकणांची ॲलर्जी किंवा दमा असलेल्यांनी केसर काढूनच फूल वापरावे आणि नवे फूल पहिल्यांदा चिमूटभरच चाखावे. गरोदर स्त्रियांनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय नव्या फुलांचे प्रयोग करू नयेत.

तिसरा मुद्दा आपल्या सेंद्रिय मित्रांसाठी. रसायने टाळली की फूल आपोआप निर्धोक होते, हा समज चुकीचा आहे. जीवामृत आणि शेणाची स्लरी मातीला द्यावी. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या फुलांवर आणि पानांवर ती फवारू नये. शेणातले जंतू पाकळीवरून थेट पोटात जाऊ शकतात. अशा कुंड्यांना पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखतच वापरावे, पाणी झारीने बुडाशी घालावे आणि मातीवर पालापाचोळ्याचे आच्छादन ठेवावे, म्हणजे शिंतोडे उडत नाहीत. निंबोळी अर्कही कळ्या धरण्यापूर्वीच फवारावा, नाहीतर त्याचा कडवटपणा आणि वास फुलाला लागतो. माव्यासाठी सकाळी पाण्याचा जोरदार फवारा आणि सततची देखरेख घरगुती बागेला बहुतेक वेळा पुरते.

आता लागवडीकडे वळू. घरच्या बागेत सुरुवात भोपळ्यापासून करावी, असा आमचा आग्रह आहे. लाल भोपळ्याचा वेल मोठ्या पिशवीत किंवा ड्रममध्ये लावून मांडवावर चढवला, तर आधी नर फुले येतात आणि मादी फुले मागाहून. ओळखणे सोपे आहे: नर फुलाचा देठ लांब आणि बारीक असतो, तर मादी फुलाच्या पाठीशी इवलासा भोपळा दिसतो. फुले पहाटे उमलतात आणि दुपारपर्यंत मिटतात. उमलल्यावर लगेच नर फुले खुडावीत, परागीभवनासाठी रोज दोन-तीन वेलावर राहू द्यावीत, मादी फुलांना हात लावू नये. घरी आणल्यावर फूल उलटे करून झटकावे, कारण आत मुंग्या आणि भुंगेरे बसलेले असतात. मग हिरवी निदले आणि मधला केसर काढून, पाण्यात बुचकळून, कापडावर निथळू द्यावे. अशा निगुतीने एकाच वेलापासून भजीही मिळतात आणि भोपळेही.

हादगा झपाट्याने वाढतो, पण त्याचे लाकूड ठिसूळ असते आणि वाऱ्याने फांद्या मोडतात. जमिनीत लावला तर उत्तमच. गच्चीवर मोठ्या ड्रममध्ये लावल्यास चार-पाच फुटांवर शेंडा खुडून झाड बुटके राखावे. त्याच्या मुळांवर नत्र धरून ठेवणाऱ्या गाठी असतात, त्यामुळे वरून नत्रखत देण्याची घाई नको. शेवग्याची पेरियाकुलम इथे विकसित झालेली पीकेएम-१ ही जात पेरणीनंतर साधारण तीन-चार महिन्यांत फुलावर येते. झुबक्यातली थोडी फुले घेऊन बाकीची शेंगांसाठी राखावीत. गोकर्णाचे बी रात्रभर भिजवून पेरावे, भरपूर ऊन द्यावे आणि फुले रोज खुडावीत; शेंगा धरू दिल्या की बहर ओसरतो. नस्टर्शियम आणि पॅन्झी आपल्याकडे थंडीतली पिके आहेत, त्यांची पेरणी पावसाळा सरताना करावी. नस्टर्शियमला जास्त खत घातले, तर नुसता पालाच माजतो. मुळा, मोहरी, कोथिंबीर, शेपू फुलावर आले की ‘गेले’ म्हणून उपटण्याआधी त्यांची कोवळी फुले कोशिंबिरीत घालून पाहावीत. या मार्गाने जागा आणि पैसा दोन्ही वाचतात.

शेवळाचा विचार वेगळा करावा लागतो. बाजारात येते ते रानातून उपटलेले असते आणि आपण खातो तो त्या झाडाचा फुलोराच असल्याने तेवढे बी रानात पडायचे राहते. कृषी विभागाच्या रानभाजी महोत्सवांमुळे अशा भाज्यांची ओळख वाढली, ही आनंदाची गोष्ट आहे. वाढत्या मागणीचा सगळा भार रानावर पडू नये म्हणून रोपवाटिकांनी शेवळे, भारंगी आणि कुडा यांची अभिवृद्धी करून विक्रीला ठेवावी. हे काम दुसरे कोणी करणार नाही.

आमच्या व्यवसायबंधू-भगिनींकडे यंदाच्या पावसाळ्यासाठी तीन मागण्या आहेत. खाद्यफुलांसाठी रोपवाटिकेत वेगळा वाफा किंवा वेगळी मांडणी करा आणि तिथे शोभेच्या झाडांचा पंप फिरकू देऊ नका. प्रत्येक रोपाला पाटी लावा: मराठी नाव, शास्त्रीय नाव, खाण्याजोगा भाग, पेरणीची तारीख आणि वापरलेली खते-औषधे. आणि ज्या रोपाची माहिती आपल्याकडे नाही, त्याबद्दल गिऱ्हाइकाला ‘हे शोभेसाठी घ्या, खाऊ नका’ असे सरळ सांगा. त्या दिवशी एखादे रोप कमी खपेल, पण गिऱ्हाईक तुमच्यावर विश्वास ठेवून परत येईल.

पुण्यातल्या पुष्पविज्ञान अनुसंधान निदेशालयाने आणि राज्यातल्या कृषी विद्यापीठांनी घरगुती खाद्यफुलांसाठी मराठीत एक सुटसुटीत मार्गदर्शिका काढावी, अशी आमची विनंती आहे. तिच्यासाठी थांबून राहण्याचे मात्र कारण नाही. पाट्या आजच लिहिता येतील, वेगळा वाफा याच आठवड्यात आखता येईल. भोपळा, गोकर्ण, हादगा आणि अंबाडी यांच्या पेरणीचे दिवस हेच आहेत.