करीच्या दिवशी ‘एकच घे’ म्हणू नका



पोळा जवळ आला की नागपूर, भोपाळ, पुण्यात स्थायिक झालेली आपली मुलं सौंसर-पांढुर्ण्याची वाट धरतात. बैलांची सजावट, झडत्या, दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला जाम नदीवर गोटमार. आणि कर! करीला बाटली उघडणं हा आपल्याकडे जणू मानाचाच भाग. अशा वेळी घरात एखादा काका किंवा चुलतभाऊ असतो, ज्यानं दारू सोडून सहा-आठ महिने झालेले असतात. आज त्याच्याबद्दल, खरं तर त्याच्याभोवतीच्या आपल्याबद्दल.

सोडतानाचा शरीराचा त्रास डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही दिवसांत उतरतो. (रोज भरपूर पिणाऱ्यानं घरच्या घरी एकदम बंद करू नये. झटके येतात, जीवही जाऊ शकतो.) न पिता राहणं मात्र वर्षानुवर्षांचं काम.

मानसोपचारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट आणि लेखक अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीनं २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात मुक्तांगण सुरू केलं. तिथं बरे झालेलेच पुढे कार्यकर्ते झाले. रुग्णांच्या बायकांसाठी ‘सहचरी’ नावाचा वेगळा गट निघाला. मला ही गोष्ट सगळ्यांत मोलाची वाटते. पिणारा एक असतो, पण खिसे तपासायची, पावलांचा आवाज ऐकून धास्तावायची सवय सगळ्या घराला लागते. त्यानं सोडली तरी ती सवय सुटत नाही. बाजारातून यायला उशीर झाला की कोणीतरी तोंडाचा वास घेतंच.

दुसऱ्या टोकाला असतात ते मामा: “आता बरा झालास ना बाबू, एकानं काय होते?” हे जास्त धोक्याचं. मेंदूनं शिकलेली वाट पुसली जात नाही. अमेरिकेतल्या नायडा या संस्थेच्या मते उपचारानंतर ४० ते ६० टक्के लोक पुन्हा घसरतात. रक्तदाब आणि दम्याच्या रुग्णांतही त्रास उलटण्याचं प्रमाण साधारण असंच आहे. बीपी वाढलं म्हणून आपण आजोबांच्या चारित्र्यावर बोलत नाही, दवाखान्यात नेतो. इथंही तेच करायचं, आणि दुसऱ्याच दिवशी. गर्दसारख्या नशेत तर मधल्या काळात शरीराची सवय मोडलेली असते, त्यामुळे जुनी मात्रा जीवघेणी ठरू शकते.

घसरण पेल्याच्या बरीच आधी सुरू होते. समुपदेशकाकडे जाणं बंद होतं, चिडचिड वाढते, जुने मित्र परत दिसू लागतात. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसची मंडळी चार गोष्टी सांभाळायला सांगतात: भूक, राग, एकटेपणा, थकवा. आपल्या भागात मी पाचवी जोडेन, संत्र्याच्या बागेचे एकरकमी हातात आलेले पैसे.

हे काम तरुणांनीच करावं, मोठ्यांना सांगून फारसा उपयोग नसतो. करीला दादाला वेळेवर जेवू घाला आणि बैठक जमायच्या आत गाडीवर बसवून जामसावळीच्या मारुतीला घेऊन जा. तो ‘नको’ म्हणाला तर कारण विचारू नका, चारचौघांत त्याचं कौतुकही नको. त्यानं सोडल्याची तारीख मोबाइलमध्ये लिहून ठेवा, वर्ष झालं की घरातल्या घरात गोड करा. कधी पाय घसरलाच, तर १४४४६ हा व्यसनमुक्तीचा सरकारी मदत क्रमांक आहे. फोन घरच्यांनीही करता येतो.