मोटारप्रवास, नगरदर्शन आणि मुले

मोटारगाडी ही आता केवळ धनिकांची मिरास राहिलेली नाही. जळगावच्या किंवा धुळ्याच्या मध्यम स्थितीतील कुटुंबाच्या दारीही ती उभी दिसते, आणि सुटी लागली की मुलाबाळांसह एखादे दूरचे शहर पाहून यावे, असे बेत घरोघरी ठरतात. ज्यांचे आप्त परदेशी नोकरीस आहेत त्यांचे बेत तर स्टॉकहोम-कोपनहेगनपर्यंत जातात. प्रवासाने मनुष्य बहुश्रुत होतो, हे निर्विवाद आहे. परंतु गाडीत बसून शहरातून हिंडणे म्हणजे शहर पाहणे नव्हे, आणि मुलांच्या बाबतीत तर मुळीच नव्हे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

स्कँडिनेव्हिया हे नाव खानदेशास अगदीच परके नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पश्चिम खानदेशात स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनचे कार्य चालत असे, व त्या मिशनचे संस्थापक फ्रेडरिक फ्रान्सन हे जन्माने स्वीडनचे होते. त्याच स्वीडनची राजधानी स्टॉकहोम ही 14 बेटांवर वसलेली आहे. ज्या देशाने व्होल्वो गाडी जगास दिली, त्याच्या राजधानीने शहराच्या मध्यभागी येणाऱ्या-जाणाऱ्या मोटारींवर कर बसविला आहे. प्रथम 2006 साली त्याचा प्रयोग झाला, व 2007 सालापासून तो कायम झाला. त्यायोगे त्या हद्दीतून होणारी मोटारींची ये-जा सुमारे एक-पंचमांशाने घटली. कोपनहेगनने तर 1962 सालीच आपला मुख्य बाजाररस्ता केवळ पादचाऱ्यांसाठी राखून ठेवला. व्यापारी धास्तावले होते, की गाड्या नाहीत तर गिऱ्हाईक कोठून येणार? परंतु त्याच रस्त्यावर माणसांची दाटी वाढली.

हा विचार केवळ परदेशी आहे, असे कोणी समजू नये. जळगावाहून साठ किलोमीटरांवर असलेल्या अजिंठ्यास जावे, तर आपली गाडी लेण्यांपासून सुमारे चार किलोमीटर अलीकडेच ठेवावी लागते व पुढे बसने जावे लागते. धुरापासून त्या प्राचीन चित्रांचे रक्षण व्हावे, हा त्यातील हेतू आहे. चित्रांस जो धूर घातक, तो लहान मुलांच्या फुप्फुसांस हितकर कसा असेल?

आता धुळ्याचेच उदाहरण घ्या. जळगावाहून एरंडोल, पारोळ्यावरून मोटारीने गेल्यास तेथे पोहोचण्यास फार वेळ लागत नाही. कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने 1818 नंतर खानदेशाचा कारभार हाती घेतल्यावर धुळ्याची नवी पेठ आखून वसविली. तिच्या सरळ, क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्या आजही दिसतात. गाडीच्या काचेतून त्या एकसारख्याच भासतील. परंतु मुलाचे बोट धरून तीन गल्ल्या चालून जा, की शहर आखणे म्हणजे काय, हे त्यास पुस्तकावाचून समजेल. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे 1926 सालच्या अखेरच्या दिवशी धुळ्यासच निवर्तले, व पुढील वर्षी त्यांच्या नावाने संशोधन मंडळ स्थापन झाले. तेथील जुनी कागदपत्रे व मूर्ती पाहावयास अर्धा दिवसही अपुरा पडतो.

येथेच पालकांची गफलत होते. एका दिवसात सात स्थळे उरकावयाची, प्रत्येक ठिकाणी छायाचित्र काढावयाचे, व पुन्हा गाडीत बसावयाचे! मुले मागल्या बाकावर मोबाईलमध्ये मग्न असतात, व घरी परतल्यावर त्यांस खाल्लेल्या पदार्थांखेरीज काहीही आठवत नाही. स्टॉकहोमच्या वस्तुसंग्रहालयात ‘वासा’ नावाची युद्धनौका आहे. वरचा भार बेताबाहेर झाल्यामुळे ती 1628 साली पहिल्याच सफरीत, दीड किलोमीटरही न जाता, बंदरातच बुडाली. ती 1961 साली वर काढण्यात आली. आपल्या सहलींचे बेतही पुष्कळदा असेच वरून जड असतात.

कोणी म्हणतील, ‘लहान मुलांना चालवत नाही, मग गाडी नको तर काय?’ गाडी नको, असे आमचे म्हणणे नाहीच. गावाहून शहरापर्यंत आणण्यास तिच्यासारखी सोय नाही. मात्र तेथे ती एका जागी उभी करावी, व मुलांच्या चालीने, मध्ये विसावा घेत, एक किंवा दोनच स्थळे पाहावीत. वडीलधाऱ्यांच्या पायांसही ते मानवेल.

जोपर्यंत गाडीत बसावयाचे आहे, तोपर्यंत पट्टा बांधण्यास चुकू नये. आज रूढ असलेला, खांदा व कंबर दोन्ही धरून ठेवणारा पट्टा नील्स बोलिन या स्वीडिश अभियंत्याने व्होल्वोसाठी 1959 साली सिद्ध केला, व इतर कारखान्यांसही तो वापरण्याची मोकळीक मिळाली. आपल्याकडेही 2019 च्या दुरुस्तीनुसार चौदा वर्षांखालील मूल पट्ट्याविना किंवा बालआसनाविना नेल्यास 1000 रुपये दंड आहे. तरीही मूल मांडीवर घेऊन पुढे बसणारे पालक दररोज दिसतात. दंडाची रक्कम भरून काढता येते. मुलाची इजा भरून येईलच असे नाही. स्वीडनला जाणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे, की 1967 पासून तेथील वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने धावतात. म्हणून रस्ता ओलांडताना प्रथम डावीकडे पाहावयास मुलांना शिकवावे.

विद्यार्थिमित्रांनो, येत्या सुटीत वडिलांपाशी हट्ट धरावयाचाच असेल तर अधिक स्थळांचा धरू नका. एकच स्थळ नीट पाहण्याचा धरा. परत आल्यावर स्वतः पाहिलेल्या गोष्टींविषयी वहीत दहा ओळी लिहा. त्या दहा ओळी सहज लिहिता आल्या, तर प्रवासाचा खर्च सार्थकी लागला, असे पालकांनी खुशाल समजावे.