बाटलीचे डोळे कधी उघडतात?

मंडळी, खरं सांगा. तुमच्या कपाटात, ठेवणीतल्या साड्या आणि बंद पडलेल्या लॅपटॉपच्या मागे, एखादी बाटली दडलेली आहे ना? कुणीतरी परदेशातून आणलेली, किंवा ऑनसाइटच्या दिवसांत तुम्हीच हौसेनं घेतलेली. ‘काहीतरी खास असेल तेव्हा उघडू’ म्हणून ठेवली आणि मग ते खास काही येईचना. किती वर्षं झाली? माझी नऊ झाली होती.

२००८ साली कंपनीनं मला चार महिने फ्रान्समध्ये, लिऑनला पाठवलं होतं. एका शनिवारी ट्रेन पकडून बोन या छोट्या गावी गेलो. बर्गंडी वाइनची ही राजधानीच म्हणा. तिथल्या दुकानदारानं माझा खिसा आणि उत्साह दोन्ही जोखले आणि जेव्हरे-शांबेर्तां गावच्या २००५ सालच्या दोन बाटल्या पुढे ठेवल्या. म्हणाला, ‘साल उत्तम आहे, पण आत्ता उघडू नकोस. थांब.’ दोन बाटल्या म्हणजे दीड लिटर. कस्टम्सच्या दोन लिटरच्या मर्यादेत आरामात बसल्या. टॉवेलात गुंडाळून घरी आणल्या.

आता पंचाईत. एक बाटली पुण्यात कपाटावरच्या माळ्यावर गेली. दुसरी आईनं घरात ठेवू दिली नाही. ‘देवघराला लागून भिंत आहे,’ म्हणाली. मग दिवाळीला गावी जाताना ती तात्यांकडे नेली. तात्या म्हणजे माझे थोरले काका. बीड जिल्ह्यात धारूरकडच्या डोंगरपट्ट्यात त्यांचं घर. निवृत्त शिक्षक, वाचनवेडे, आणि सुदैवानं माळकरी नाहीत. घर जुन्या पद्धतीचं, माळवदाचं. दोन हात जाड भिंती आणि वर मातीचं छत. बाहेर मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हाही माजघरामागच्या अंधाऱ्या कोठीत बरं वाटतं. तात्यांनी बाटली ज्वारीच्या कणगीमागे आडवी ठेवली आणि म्हणाले, “म्हंजे आंब्यागत आढी घातली म्हणायची.”

अगदी बरोबर बोलले ते. फक्त आंबा आठवड्यात पिकतो. हिला वर्षं लागतात.

हे का, ते थोडक्यात सांगतो. रेड बर्गंडी बनते पिनो न्वार या एकाच जातीच्या द्राक्षापासून. साल पातळ, रंग फिका, स्वभाव नाजूक. थंड हवेत, सावकाश पिकणारं द्राक्ष. तरुणपणी या वाइनला चेरी, रासबेरीचा ताजा वास असतो. मग बऱ्याचदा ती ‘मिटते’. तीन-चार-पाच वर्षांची झाली की वास दबतो, चव आंबट-तुरट लागते, आणि पिणाऱ्याला वाटतं आपण फसलो. फसलेलो नसतो, मध्येच दार वाजवलेलं असतं. पुढे तुरटपणा विरघळतो, फळाचा वास मागे सरतो आणि त्याच्या जागी ओली माती, आळंबी, पालापाचोळा, कातडं असे वास येतात. ऐकायला विचित्र वाटतं, पण लोक पैसे मोजतात ते यासाठी. काही वर्षं ही वाइन अशी बहरात राहते. मग उताराला लागते. रंग विटकरी-तपकिरी होतो, चव पातळ होते, आणि शेवटी नुसता आंबटपणा उरतो.

म्हणजे खिडकी आहे, आणि ती बंदही होते. प्रश्न एवढाच की ती कधी उघडते.

तात्या दर दिवाळीला विचारायचे, “काय रं, कवा फोडायची ही?”

“तात्या, अजून पिकायची आहे.”

“आन् कळणार कसं पिकली ते? सीताफळाला डोळे असतेत. हिला कुठं हायेत?”

बालाघाटच्या डोंगरातलं सीताफळ खाल्लेल्यांना हे लगेच कळेल. (या बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालंय.) सीताफळाचे डोळे मोठे झाले, दोन डोळ्यांमधल्या फटी पांढरट-पिवळसर दिसायला लागल्या, की तोडायचं. डोळे मिटलेले असताना तोडलं तर ते पिकत नाही, काळं पडतं. झाडावर जास्त राहिलं तर फुटतं आणि पाखरांचं होतं. तोडल्यावर दोन-चार दिवसांत मऊ होतं, आणि मऊ झालं की त्याच दिवशी खायचं. ‘पाहुणे येणारेत, रविवारी खाऊ’ हा कारभार सीताफळाशी चालत नाही.

बाटलीला डोळे नसतात, पण तीन गोष्टी विचारता येतात.

पहिली, ती कुठली आहे. बर्गंडीत वाइनची उतरंड जमिनीवरून ठरते. लेबलवर नुसतं ‘बुर्गोन्य’ असेल तर साधी. तीन ते पाच वर्षांत संपवा. गावाचं नाव असेल तर साधारण पाच ते दहा वर्षं. ‘प्रीमिए क्रू’ असेल तर आठ ते पंधरा. ‘ग्राँ क्रू’ असेल तर बारा वर्षांच्या आत हात लावू नका, चांगल्या सालाची पंचवीस वर्षंही जाते. पण हे आकडे म्हणजे रेल्वेचं टाइमटेबल समजा, आकाशवाणी नव्हे. कारण एकाच शेताचे मालक अनेक. क्लो द वूजो हे तिथलं प्रसिद्ध शेत सुमारे ५० हेक्टरचं, आणि मालक सुमारे ८०! वारसाहक्कानं आणि विक्रीनं तुकडे पडत गेले. आपल्याकडच्या सातबाऱ्यावरची नावं आठवतात की नाही? शेत एक, पण प्रत्येकाची वाइन वेगळी आणि तिची वेळही वेगळी.

दुसरी, साल. २००५ची रेड बर्गंडी भक्कम आणि तुरट, थांबायला लावणारी. २००७ हलकी, लवकर पिण्याजोगी. २००३ला युरोपात उन्हाळ्यानं कहर केला होता, त्या वाइनमध्ये पिकलेल्या, जॅमसारख्या फळाची चव जास्त.

तिसरी गोष्ट आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाची, आणि नेमकी तीच आपण विसरतो. बाटली ठेवली कुठे? वरचे सगळे आकडे १२-१४ अंशांच्या, अंधाऱ्या, जराशा दमट तळघरातले आहेत. आपल्या घरातले नाहीत. उष्णतेत वाइन नुसती लवकर म्हातारी होत नाही, ती शिजते.

हे मी पैसे मोजून शिकलो. २०१० साली प्रमोशन झालं तेव्हा म्हटलं, यापेक्षा मोठं काहीतरी होऊ दे. २०११ला लग्न झालं, पण सासरची मंडळी घरात असताना कुठली बाटली काढता? २०१३ला फ्लॅट घेतला आणि वास्तुशांतीनंतरच्या शनिवारी चार मित्र बोलावून माळ्यावरची बाटली उतरवली. बूच अर्धा सेंटिमीटर वर आलेलं. मानेवर चिकट ओघळ. ग्लासात तपकिरी पाणी, आणि वास काकवीसारखा. मित्र सज्जन होते, ‘वेगळी आहे’ म्हणाले. वरच्या मजल्यावर, स्लॅबच्या खाली, पाच उन्हाळे. दोष बोनच्या दुकानदाराचा नव्हता.

तेव्हा तरी शहाणं व्हावं? पण नाही. एकच उरली म्हटल्यावर ती आणखी मौल्यवान झाली. गावी दुष्काळ पडला, त्या वर्षांत तर बाटलीचा विषय काढायचीही लाज वाटली. तात्यांनी मात्र दर दिवाळीला विचारायचं सोडलं नाही.

२०१७च्या दिवाळीला मी ठरवूनच गेलो. आदल्या दिवशी बाटली उभी करून ठेवली, म्हणजे गाळ तळाशी बसतो. गावच्या फ्रिजमध्ये अर्धा तास ठेवली. ‘रूम टेम्परेचर’ म्हणतात ते युरोपातल्या खोलीचं, पंधरा-सोळा अंशांचं. आपल्या खोलीचं नव्हे. जुनं बूच भुसभुशीत असतं, म्हणून हलक्या हातानं, फिरवत फिरवत काढलं. शेवटी अर्धं तुटलंच, ते पुन्हा धीरानं काढलं. जुनी बर्गंडी भांड्यात ओतून हवेला लावत बसायची नसते. तिचा जीव वासात, आणि वास उडून जातो. सरळ ग्लासात ओतायची, एक-दोन तासांत संपवायची.

रंग विटकरी. उताराला लागलेली होती, पण जिवंत होती. जाड भिंतींनी तिला वाचवलं होतं. तीन-चार वर्षं आधी उघडली असती तर? तेव्हा ती बहरात असणार, हे मला पहिल्याच घोटाला कळलं.

मी दुसरा ग्लास तात्यांपुढे केला. त्यांनी हात आडवा केला.

“नगं बाबा. शुगर लई वाढलीय. डॉक्टरनं औंदापासनं समदं बंद केलंय. सीताफळ बी.”

मला हे माहीतच नव्हतं. फोनवर कधी विचारलंच नव्हतं. नऊ वर्षं मी वाइन पिकायची वाट बघत होतो. शेवटी आम्ही एकमेकांकडे बघून हसलो, पण मला हसणं जमलं नाही.

मग तेच म्हणाले, “आण हिकडं. वास घ्यायला कुठं बंदी हाय?”

त्यांनी ग्लास दोन्ही हातांत धरला, डोळे मिटले आणि बराच वेळ नाकाशी धरून बसले. म्हणाले, “पहिला पाऊस पडल्यावर आमराईत पाला कुजतो बघ... तसा.” जगभरचे वाइन समीक्षक जे सांगायला पानं खर्च करतात, ते तात्यांनी एका ओळीत सांगितलं.

जेवायला काकूनं अळणी मटण केलं होतं, माझ्यासाठी मुद्दाम बिनतिखटाचं. काळ्या मसाल्याच्या रश्श्यापुढे ही वाइन टिकत नाही. भाकरी, अळणी आणि बर्गंडी छान जमली. सीताफळ मात्र तिच्याबरोबर खाऊ नका, गोडापुढे वाइन नुसती आंबट लागते. मी ते दुसऱ्या दिवशी सकाळी खाल्लं, एकट्यानं, परसात जाऊन. तात्यांच्या समोर खाववेना.

थोडक्यात, मंडळी:

• एकच बाटली असेल तर मुहूर्त शोधू नका. जमलं तर दोन-तीन घ्या आणि एक लवकर उघडून अंदाज घ्या.

• वाइन कॅबिनेट नसेल तर पुस्तकातली वर्षं निम्मी करा. साध्या फ्रिजमध्ये काही महिने चालेल, माळ्यावर एक उन्हाळाही नको.

• नाशिकच्या बहुतेक रेड वाइन थांबण्यासाठी नसतात. दोन-तीन वर्षांत प्या, मजेत प्या.

• बूच वर आलेलं, मानेवर ओघळ किंवा वाइनची पातळी खाली गेलेली दिसली, तर आजच उघडा.

• लवकर उघडली तर थोडी मजा हुकते. उशिरा उघडली तर पुन्हा संधी नाही.

आता माझ्याकडे एक बाटली आहे. तिच्या गळ्यात चिकटपट्टी लावून वर्ष लिहिलंय, आणि खाली ती कुणाबरोबर प्यायची त्याचं नाव. त्या माणसाला सांगूनही ठेवलंय. तुम्हीही आज कपाट उघडून बघा. आणि बाटली बघायच्या आधी, जिच्यासाठी किंवा ज्याच्यासाठी ठेवलीय, तिथे एक फोन करा.