उलटसुलट मूळ संख्या: ‘याचा उपयोग काय?’ विचारण्याआधी हे वाचा

रत्नागिरीत एखाद्या एमएच-०८ गाडीवर ७९९७ असा ‘फॅन्सी’ नंबर दिसला, तर तो उलटा वाचून बघा. तोच येतो. अशा संख्येला पॅलिंड्रोम म्हणतात. आता सांगा, ही मूळ संख्या आहे का? म्हणजे १ आणि स्वतःखेरीज तिला कशानेच भाग जात नाही का?

मोबाइलमधला कॅल्क्युलेटर उघडू नका. एकाआड एक वजाबाकी-बेरीज करा: ७−९+९−७ = ०. उत्तर शून्य आले की ११ ने भाग जातोच. चार अंकी प्रत्येक पॅलिंड्रोममध्ये हेच घडते. दोन, चार, सहा अशी अंकांची संख्या सम असेल, तर ११ सोडून एकही पॅलिंड्रोम मूळ संख्या नसतो. गंमत म्हणजे ७९९७ ला ११ ने भागले की येते ७२७. ही पॅलिंड्रोमही आहे आणि मूळ संख्याही!

अशा मूळ संख्या अनंत आहेत का? हे आजवर कोणालाही सिद्ध करता आलेले नाही. प्रश्न मात्र सातवीतल्या मुलालाही कळतो.

उपयोग? इंजिनीअर म्हणून खरे सांगतो, फारसा नाही. ऑनलाइन व्यवहारांच्या सुरक्षेत शेकडो अंकी मूळ संख्या वापरतात, पण त्या अंदाज न येणाऱ्या हव्यात. तिथे सुंदर नमुना धोक्याचाच.

तरीही हा खेळ वाया जात नाही. देवळालीचे शाळाशिक्षक द. रा. कापरेकर आयुष्यभर असेच अंकांशी खेळले. १११ चा वर्ग १२३२१, अशा संख्यांना त्यांनी ‘डेम्लो’ नाव दिले, तेही डोंबिवली स्टेशनवरून! १९२७ मध्ये विद्यार्थी असताना त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणित पारितोषिक मिळाले होते. हे परांजपे आपल्या दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे. पुढे १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये कापरेकरांवर लिहिले आणि ते जगाला ठाऊक झाले.

इंजिनीअरिंगच्या चार वर्षांत आम्ही गणिताला एकच प्रश्न विचारला: हे किती मार्कांना आहे? ‘असे का होते?’ हे विचारायचे राहूनच गेले. म्हणून वाटते, शाळांनी आठवड्याचा एक तास विनामार्कांचा ठेवावा. फळ्यावर गाड्यांचे नंबर लिहावेत आणि कारण मुलांनाच शोधू द्यावे.