बधिर पाय आणि नोंदवही

पूर्णा नदीवरील सिद्धेश्वर धरणाचे पाणी कालव्यांतून रानात आले आणि त्यामागून ऊस व हळद आली. या ओल्या रानात अनवाणी राबणाऱ्या मजुरास मधुमेह जडला व त्यावर वेळीच उपचार झाले नाहीत, तर काही वर्षांत त्याच्या तळव्याची संवेदना जाऊ लागते. काटा रुतला तरी कळत नाही, चटका बसला तरी कळत नाही. वेदना नाही म्हणून जखमेकडे लक्षही नाही. ती हाडापर्यंत पोहोचली की शहरातील मोठे रुग्णालय, आणि पुष्कळदा पाय कापण्याचा निर्णय. श्रमाखेरीज विकण्याजोगे काही नसलेल्या माणसाचा पाय जातो तेव्हा त्याचे सारे भांडवलच जाते.

हे टाळण्याचे ज्ञान दुर्मीळ नाही. दहा ग्रॅम दाबाने वाकणारा नायलॉनचा एक तंतू तळव्यावर टेकवायचा. तो जाणवला नाही तर पाय धोक्यात आहे असे समजायचे. मग घट्टे तासणे, जखमेवरील भार दूर करणे, योग्य पादत्राण देणे. हेच काम व्यवसाय म्हणून करणारा तो पोडियाट्रिस्ट, अर्थात पदचिकित्सक. अमेरिकेत त्यास चार वर्षांचे स्वतंत्र शिक्षण आणि पुढे तीन वर्षांची रुग्णालयीन उमेदवारी करावी लागते; प्रमाणपत्र देणारी प्रमुख मंडळे तेथे दोन असून त्यांच्यातच अधिकारांवरून वाद आहेत. ब्रिटनमध्ये वैधानिक नोंदवहीत नाव नसलेल्याने ही उपाधी लावणे गुन्हा ठरतो. आपल्याकडे सहबद्ध व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी 2021 साली झालेल्या केंद्रीय कायद्याच्या अनुसूचीत हा व्यवसाय समाविष्ट आहे. मात्र राज्य परिषदा स्थापण्यात इतकी दिरंगाई झाली की ऑगस्ट 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयास दोन महिन्यांची मुदत घालून द्यावी लागली.

मिल्टन फ्रीडमन यांनी 1962 मध्ये वैद्यकीय परवान्यांची पद्धतच मोडीत काढावी असे प्रतिपादिले होते. भल्याबुऱ्याची निवड बाजार करील, हा त्यांचा भरवसा. ज्यास स्वतःची जखमच जाणवत नाही, तो वैद्याची पारख कशी करणार? तेव्हा नोंदणी हवीच. परंतु त्यांच्या आक्षेपातील एक अंश खरा आहे, हे कबूल करताना मला थोडा संकोच वाटतो. नोंदवही ही रुग्णाची ढाल असते, तशीच ती व्यवसायबंधूंनी स्वतःभोवती घातलेली कुंपणभिंतही होऊ शकते.

आपल्या देशात बधिर पाय सांभाळण्याची विद्या प्रथम रुजली ती कुष्ठसेवेत. वेल्लोरच्या डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की कुष्ठरुग्णाची बोटे जातात ती मांस आपोआप सडून नव्हे, तर संवेदना गेल्यावर होणाऱ्या जखमांमुळे. सूक्ष्मछिद्री रबराच्या चपला त्याच विचारातून आल्या, आणि कुष्ठरुग्णांना त्या राष्ट्रीय कार्यक्रमातून दिल्या जातात. मधुमेहाने बधिर झालेला पाय मात्र त्या कार्यक्रमाच्या कक्षेत येत नाही. बधिरता तीच, खाते निराळे! ज्या कुष्ठरोग तंत्रज्ञांनी आणि चपला शिवणाऱ्या कारागिरांनी वर्षानुवर्षे असे पाय वाचवले, त्यांच्यासाठी परीक्षा घेऊन नव्या नोंदवहीत प्रवेशाची वाट ठेवणार की पदवी नाही म्हणून त्यांना दाराबाहेर उभे करणार, हे आताच ठरले पाहिजे. एकदा भिंत उभी राहिली की तीत दार पाडणे कठीण जाते.

दुसरी गोष्ट पदांची. शासकीय रुग्णालयात मंजूर पद आणि वेतनश्रेणी नसेल, तर नोंदणीकृत पदचिकित्सक पुण्यामुंबईच्या खासगी दवाखान्यातच बसेल, आणि त्याच्या प्रतिष्ठेचा सिद्धेश्वरच्या मजुरास काडीचाही उपयोग होणार नाही. हिंगोलीत 2024 मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. तेथे पदचिकित्सेचे शिक्षण सुरू व्हावे आणि जिल्ह्यातील प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून निदान एक दिवस मधुमेही रुग्णांचे पाय तपासले जावेत, ही मागणी घेऊन आपल्या कार्यकर्त्यांनी जिल्हाधिकारी कचेरीत जावे. जाताना त्या नायलॉनच्या तंतूचा एक तुकडा बरोबर न्यावा आणि तो तेथे टेबलावर ठेवावा.