विश्लेषण : हरणालाही आणि खोकडालाही एकच रायफल... ब्रिटनच्या शिकाऱ्यांचं जुनं गणित का बिघडलं?

शिकारीची रायफल निवडणं हा ब्रिटनमध्ये हौसेपेक्षा कायद्याचा आणि आता भौतिकशास्त्राचा विषय झाला आहे. शिशाच्या गोळ्यांवर बंदी आणण्याचा निर्णय तिथल्या सरकारनं जुलै २०२५ मध्ये जाहीर केला. त्यामुळे हरणं आणि खोकड या दोन्हींसाठी गेली अनेक दशकं वापरात असलेली एक लोकप्रिय रायफल अडचणीत आली आहे. बंदीची रेषा बरोबर तिच्या नळीवरूनच जाते. नेमकं काय झालंय, ते समजून घेऊ.

हरणं मारायची गरजच काय?

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद केली. त्यामुळे हा प्रश्न मनात येणं साहजिक आहे. पण विदर्भात रोही आणि रानडुकरांनी उभं पीक आडवं केलेलं ज्यांनी पाहिलंय, त्यांना उत्तराचा अर्धा भाग सांगावा लागणार नाही.

ब्रिटनमधले लांडगे आणि लिंक्स कित्येक शतकांपूर्वी संपले. हरणांना खाणारं कुणी उरलं नाही. आज तिथे सुमारे २० लाख हरणं असावीत, असा अंदाज सरकारी कागदपत्रांत दिलेला असतो. १९७० च्या दशकात हाच आकडा साडेचार लाखांच्या आसपास धरला जात होता. जाती सहा. त्यांपैकी रेड आणि रो या दोनच मूळच्या तिथल्या, बाकीच्या माणसानं आणलेल्या. मुंटजॅक तर आपल्या भेकराचा चिनी चुलतभाऊ. बागेतून निसटला आणि दक्षिण इंग्लंडभर पसरला. ही हरणं नव्यानं लावलेल्या झाडांचे कोंब खातात, त्यामुळे जंगलात नवी पिढी उभीच राहत नाही. म्हणून दरवर्षी ठरवून हरणं मारली जातात आणि त्यांचं मांस बाजारात जातं.

खोकडाचं कारण वेगळं आहे. (आपण ज्याला कोल्हा म्हणतो तो जॅकल. इंग्रजीतला फॉक्स म्हणजे खोकड. बातम्यांच्या भाषांतरात हा घोळ नेहमी होतो, आमच्या डेस्कवरही झालेला आहे.) मेंढ्यांची नवजात कोकरं आणि जमिनीवर घरटी करणारे कर्ल्यू, टिटवीसारखे पक्षी यांना खोकडाचा धोका असतो. कुत्र्यांचा ताफा मागे लावून शिकार करणं इंग्लंड आणि वेल्समध्ये २००५ पासून बंद आहे. फासे लावण्यावर वेल्सनं २०२३ मध्ये, तर स्कॉटलंडनं २०२४ मध्ये बंदी घातली. राहता राहिली रायफल.

कायदा रायफलबद्दल काय सांगतो?

खोकडासाठी कॅलिबरची कोणतीही किमान अट नाही. जनावराला विनाकारण यातना होऊ नयेत, एवढंच बंधन. हरणासाठी मात्र आकडे अगदी काटेकोर आहेत.

इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९१ चा डिअर ॲक्ट लागू आहे. त्यानुसार रायफलचं कॅलिबर किमान .२४० इंच असावं लागतं, नळीच्या तोंडाशी गोळीची ऊर्जा किमान २,३०५ जूल असावी लागते आणि गोळी शरीरात शिरल्यावर पसरणारी असावी लागते. मुंटजॅक आणि चायनीज वॉटर डिअर या लहान जातींसाठी सवलत आहे: .२२० इंच कॅलिबर, १,३५६ जूल आणि किमान ५० ग्रेनची गोळी. ग्रेन हे वजनाचं जुनं एकक, १०० ग्रेन म्हणजे साधारण साडेसहा ग्रॅम.

स्कॉटलंडचा कायदा कॅलिबर बघत नाही. तो गोळीचं वजन, वेग आणि ऊर्जा बघतो. मोठ्या हरणांसाठी तिथे किमान १०० ग्रेनची गोळी सक्तीची होती. ‘होती’ का, ते पुढे येईलच.

हे आकडे जनावराची तडफड टाळण्यासाठी आहेत. रेड जातीचा नर शंभर किलोंच्या वर भरतो, तर खोकड सहा-सात किलोंचं. एकाला पुरेल अशी गोळी दुसऱ्याला भलतीच जास्त, आणि दुसऱ्याला पुरेल अशी पहिल्याला नुसतीच जखमी करणारी.

मग .२४३ मध्ये असं काय होतं?

‘.२४३ विंचेस्टर’ हे काडतूस १९५५ मध्ये आलं. मोठ्या .३०८ काडतुसाचा गळा आवळून ते बनवलं गेलं. म्हणजे दारू भरपूर आणि गोळी लहान. कॅलिबरची अट .२४० ची, ती जेमतेम ओलांडली. १०० ग्रेनची शिशाची गोळी भरली की सहाही जातींची हरणं कायद्यानं मारता येतात. त्याच रायफलीत हलकी, वेगवान गोळी भरली की खोकडासाठी उत्तम. धक्का कमी, गोळीचा मार्ग बराच सपाट. नवख्या शिकाऱ्याला ‘एकच घ्यायची असेल तर .२४३ घे’ हा सल्ला हमखास मिळायचा, आणि तो चुकीचा नव्हता.

एकच घेण्याला कारणही आहे. ब्रिटनमध्ये रायफलचा परवाना पोलीस देतात आणि प्रत्येक रायफलसाठी ‘सबळ कारण’ वेगळं दाखवावं लागतं: कुठल्या जमिनीवर, कुठल्या प्राण्यासाठी. नव्या परवान्याचं शुल्क फेब्रुवारी २०२५ मध्ये ८८ पौंडांवरून थेट १९८ पौंडांवर गेलं. त्यात भिंतीला जखडलेलं पोलादी कपाट, दुर्बीण, सायलेन्सर. चांगली दुर्बीण रायफलच्याच किमतीला जाते. दोन रायफली म्हणजे हा खर्च जवळपास दुप्पट.

(चित्रपटांत दिसतात तशा धडाधड गोळ्या झाडणाऱ्या सेमी-ऑटोमॅटिक रायफली इथे विचारातच येत नाहीत. हंगरफर्डच्या १९८७ मधल्या हत्याकांडानंतर, .२२ रिमफायरसारख्या छोट्या काडतुसाचा अपवाद सोडता, त्यांच्यावर बंदी आली. प्रत्येक गोळीनंतर हातानं खटका ओढायचा, हीच तिथली रीत.)

शिशावर बंदी का, आणि रेषा कुठे?

शिशाची गोळी शरीरात फुटते आणि तिचे बारीक कण मांसात राहतात. ते मांस माणसं खातात. शिकाऱ्यानं टाकलेली आतडी घारी, गरुड खातात. छर्ऱ्यांच्या बंदुकांचा प्रश्न त्याहून मोठा: तळ्याकाठी पडलेले छर्रे बदकं खडे समजून गिळतात. दरवर्षी सुमारे ७,००० टन शिसं असं निसर्गात सांडतं आणि एक लाखापर्यंत पक्षी त्यानं मरतात, असे अंदाज सरकारनं निर्णय जाहीर करताना दिले.

निर्णय असा : छर्ऱ्यांत १ टक्का आणि मोठ्या कॅलिबरच्या गोळ्यांत ३ टक्के, याहून जास्त शिसं चालणार नाही. नियम झाल्यावर तीन वर्षांची मुदत, म्हणजे २०२९ पर्यंत. इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडला तो लागू आहे. उत्तर आयर्लंडमध्ये रसायनांबाबत युरोपीय महासंघाचे नियम चालतात, त्यामुळे ते यात नाही.

मोठं कॅलिबर म्हणजे किती? ६.१७ मिलिमीटर आणि त्यावरचं. आता .२४३ इंचांचे मिलिमीटर करून बघा: ६.१७२. ही रेषा अपघातानं इथे आलेली नाही, .२४३ आणि त्यापुढच्या रायफली बंदीत याव्यात असाच तिचा अर्थ आहे. त्याखालच्या .२२३ सारख्या रायफलीत मात्र शिसं चालू राहील.

तांब्याची गोळी वापरली तर काय बिघडतं?

माझ्यातला इंजिनीअर इथे जागा होतो, थोडं सहन करा.

शिशाची घनता घन सेंटिमीटरला ११.३ ग्रॅम, तांब्याची ८.९. म्हणजे तेवढ्याच वजनाची गोळी तांब्याची केली तर ती सव्वापटीहून थोडी जास्त जागा घेणार. नळीचा व्यास ठरलेला, तेव्हा गोळी जाड होऊ शकत नाही. ती लांब होते.

रायफलच्या नळीत आतून पीळ कोरलेला असतो. त्यामुळे गोळी भोवऱ्यासारखी फिरत जाते आणि सरळ राहते. पण लांबुडका भोवरा स्थिर राहायला जास्त फिरवावा लागतो. बाजारातल्या बहुतेक .२४३ रायफलींचा पीळ दहा इंचांत एक फेरा असा आहे. १०० ग्रेनच्या शिशाच्या गोळीला तो पुरतो. १०० ग्रेनच्या तांब्याच्या गोळीला पुरत नाही. गोळी हवेत डगमगते, नेम जातो. म्हणजे तांबं वापरायचं तर ८० ग्रेनच्या आसपास उतरावं लागतं.

स्कॉटलंडला ही अडचण आधीच कळली. तिथे २०२३ मध्ये किमान वजनाची अट १०० वरून ८० ग्रेनवर आणली गेली, ती याचसाठी. इंग्लंडमध्ये मोठ्या हरणांसाठी वजनाची अटच नाही, त्यामुळे कायदा बदलावा लागला नाही. पण ऊर्जेची अट आहेच, आणि ती कुठे टोचते ते असं :

गतिज ऊर्जा म्हणजे वस्तुमानाचा अर्धा भाग गुणिले वेगाचा वर्ग. २,३०५ जूल गाठायला १०० ग्रेनच्या गोळीला सेकंदाला सुमारे ८४३ मीटर वेग पुरतो. ८० ग्रेनच्या गोळीला सुमारे ९४३ मीटर लागतो. नेमका शंभर मीटरचा फरक. काडतुसाच्या डब्यावर छापलेला वेग बहुधा २४ इंची नळीतून मोजलेला असतो आणि तो या आकड्याच्या वर असतो. पण पुढे सायलेन्सर बसवला की रायफल लांबलचक होते, म्हणून आज लोक १८ किंवा २० इंची नळी घेतात. नळी एक इंच कमी झाली की वेग सेकंदाला साधारण आठ-नऊ मीटरनं घटतो. १८ इंची नळीत ५० मीटर गेले. शिशाच्या गोळीला ही तूट सहज पचायची. तांब्याच्या हलक्या गोळीला, काडतूस थोडं मऊ निघालं, तर पचेलच असं नाही.

खोकडाच्या बाबतीत तांब्याचा वेगळाच त्रास. ही गोळी शिशासारखी फुटत नाही, ती पाकळ्यांसारखी उमलते आणि एकसंध राहते. हरणाच्या छातीत हा गुण, कारण मांस स्वच्छ राहतं. पण खोकडाच्या किरकोळ शरीरातून ती आरपार जाऊन पुढे दगडावर आपटून कुठेही वळू शकते. खोकड बहुतेक रात्री मारलं जातं. अशा वेळी मागे मातीचा उंचवटा आहे की नाही, याला फारच महत्त्व येतं.

मग आता कुठली रायफल?

माझ्या मते एकाच रायफलीचा हट्ट सोडणं हेच शहाणपणाचं. .२२३ खोकडाला पुरते, बंदीच्या रेषेखाली राहते, शिवाय इंग्लंडमध्ये मुंटजॅकसाठी आणि स्कॉटलंडमध्ये रो जातीसाठी कायद्यात बसते. मोठ्या हरणांसाठी ६.५ क्रीडमूर किंवा .३०८. या नळ्यांत १२०-१५० ग्रेनची तांब्याची गोळी आरामात बसते आणि ऊर्जेची चिंता उरत नाही. इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या सरकारी वनसंस्थांनी बिनशिशाच्या गोळ्या आधीच स्वीकारल्या आहेत, त्यामुळे ‘तांब्यानं हरीण नीट मरत नाही’ या जुन्या तक्रारीत आता फारसा दम नाही. दोन रायफलींचा आणखी एक फायदा: खोकडाच्या रायफलवर रात्रीची थर्मल दुर्बीण कायमची बसवता येते. हरणं तर इंग्लंडमध्ये सूर्यास्तानंतर एक तास ते सूर्योदयाआधी एक तास या वेळात खास परवान्याशिवाय मारताच येत नाहीत.

ज्यांना खर्च झेपत नाही किंवा पोलीस दुसऱ्या रायफलचं कारण मान्य करत नाहीत, त्यांच्यासाठी .२४३ संपलेली नाही. फक्त ती विकत घेताना आता तीन गोष्टी बघाव्या लागतील : नळीचा पीळ, नळीची लांबी आणि वेगमापकावर तिच्यातून ८० ग्रेनची तांब्याची गोळी प्रत्यक्षात किती वेगानं निघते. जुन्या रायफली स्वस्तात मिळू लागल्या तर हे आणखी गरजेचं होईल. वेग सेकंदाला ९४३ मीटरच्या खाली भरला, तर इंग्लंडमध्ये त्या काडतुसानं मोठं हरीण मारणं बेकायदा. मग ती रायफल मुंटजॅकपुरती आणि खोकडापुरतीच उरते, आणि २०२९ नंतर त्यांच्यासाठीही तिच्यात शिसं भरता येणार नाही.