फोन काकूचा, खातं पुतण्याचं

एक फोन, एक माणूस, एक खातं. मोबाईलची ऍप लिहिणार्‍या मंडळींच्या डोक्यात हे समीकरण इतकं घट्ट बसलंय, की पहिल्या दिवशी 'साइन इन' करून घेतलं की त्यांच्या लेखी विषय संपला. या मंडळींनी एकदा अक्कलकोटला यावं. गुरुवारच्या गर्दीत नको, एखाद्या साध्या दुपारी. वटवृक्ष मंदिराकडे जाणार्‍या रस्त्यावर एखाद्या नारळ-फुलांच्या दुकानात तासभर बसावं आणि गल्ल्याजवळचा फोन किती हातांतून फिरतो ते बघावं.

आपल्याकडे पहिलं जीमेल खातं बर्‍याचदा मोबाईलच्या दुकानातला पोरगाच काढून देतो. पासवर्ड त्यालाच ठाऊक, तोही महिन्याभरात विसरतो. मग सोलापूरला शिकणारा पुतण्या सुट्टीत येतो, ते खातं उडवून स्वतःचं टाकतो, काकूला उधारीची वही ठेवणारं ऍप लावून देतो. पुढे काकूची मुलगी पुतण्याचं खातं काढून आपलं टाकते. यात विपरीत काहीच नाही. घरातली सायकलसुद्धा अशीच फिरते.

आता फोनच्या सेटिंगमधून खातं काढलं म्हणजे ऍपमधूनही ते गेलं, असं कुणालाही वाटेल. तसं नसतं! गूगलच्या फायरबेसवर बांधलेलं ऍप एकदा ओळख पटली की स्वतःचं वेगळं सत्र चालवतं, आणि फोनवरचं खातं काढलं तरी ते आपोआप मिटत नाही. म्हणजे काकू रोज नोंदी करतेय आणि त्या साठताहेत पुतण्याच्या नावावर. उद्या फोन पाण्यात पडला, नव्या फोनवर मुलीच्या खात्याने आत गेलं, की वही कोरी. कुणाकडून किती येणं आहे ते आता आठवायचं.

याचं दुसरं टोकही आहे. अ‍ॅपलने २०१९ मध्ये क्लाउडकिटसाठी जी तयार साठवण-यंत्रणा दिली, ती खातं बदललं की फोनवरची प्रत पुसते. परक्याला आपलं काही दिसू नये म्हणून हे ठीकच. पण रेंज नव्हती म्हणून जे अजून वर चढलंच नव्हतं, त्याचं काय? पुसण्याआधी निदान विचाराल की नाही?

"हे ओळखणं अवघड आहे" असं कुणी म्हणालं तर हसू येतं. आयफोनमध्ये २०१२ पासून चालू आयक्लाउड खात्याची एक खूण ऍपला मिळते. खूण नाही म्हणजे खातं बाहेर पडलं, वेगळी आहे म्हणजे दुसरं आलं. माणूस कोण ते त्यातून कळत नाही, कळायची गरजही नाही. बदलाची सूचनाही येते, पण ऍप बंद असताना ती ऐकणार कोण? म्हणून दर वेळी उघडताना जुनी खूण नवीशी ताडून बघायची. चार ओळींचं काम. अँड्रॉइडमध्ये खात्यांतला बदल कळण्याची सोय २००९ पासून आहे. २०१७ पासून ऍपला फोनवरची सगळी खाती सरसकट दिसत नाहीत, हे चांगलंच झालं. पण वापरणार्‍याने ज्या खात्याची निवड करून दिली, ते अजून आहे का, एवढं तर बघता येतं ना?

मग उत्तर येतं, की असं क्वचितच घडतं. कुणाच्या घरी क्वचित? ज्याच्या घरात माणशी दोन फोन आहेत, त्याच्या.

मागणी फार मोठी नाही. खातं बदललेलं दिसलं की लिहिणं थांबवा, जुन्या नोंदी जुन्या नावाने कुलपात ठेवा, आणि सरळ मराठीत (आमच्या तालुक्यात कन्नडमध्येही) विचारा, की हे कुणाचं? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहितीच्या कायद्यात माहिती चुकून उघड होणं आणि ती हाती न लागणं, दोन्ही 'भंगा'च्या व्याख्येत आहेत. तेव्हा हा नुसता सौजन्याचा प्रश्न राहिलेला नाही.

तोवर वाचकांनी घरी एवढं करून बघावं. फोनवरचं खातं काढा, दुसरं टाका, उधारीचं ऍप उघडा आणि आत कुणाचं नाव दिसतंय ते वाचा.